खोडलेल्या रेघेवरचं विमान

१

दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी डबा लवकर संपवते आणि कटिंगच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला तपकिरी कागदाचा एक तुकडा पसरते. कपड्यांच्या कारखान्यात मी पॅटर्न काढते. म्हणजे शर्टाचा, कोटाचा पहिला कागदी साचा माझ्या हातून निघतो आणि मग त्याबरहुकूम कापड कापलं जातं. कागद, पेन्सिल, गोलाईची पट्टी, खोडरबर सगळं कारखान्याचंच. पण त्या अर्ध्या तासात मी कॉलर काढत नाही. डोंगर काढते, नदी काढते, नदीवर पूल काढते आणि तो पूल पाडायला निघालेली चार विमानं कुठून शिरतील, कुठे वळतील, कुठे त्यांची फजिती होईल, ते काढते.

हे खूळ माझ्या नवऱ्यानं घरात आणलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला लढाऊ विमानांचं वेड आहे आणि गच्चीच्या कठड्याची भीती आहे, तेव्हा त्यानं आपलं कॉम्प्युटरवर उडायला सुरुवात केली. खेळ जुन्या काळच्या विमानांचा, पुढे पंखा गरगरणारी ती. सगळे मिळून एका बाजूनं खेळायचं आणि शत्रूची विमानं कॉम्प्युटर उडवणार. खेळासोबत मिळणारी मिशनं दोन महिन्यांत संपली. तेव्हा हा म्हणाला, तू दिवसभर कागदावर रेघाच मारतेस, आमच्यासाठी चार मार. मी मारल्या. त्याला आता सहा वर्षं झाली.

आम्ही चौघं. पुढचं विमान बुडीकाकांचं. ते आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. आयुष्यभर त्यांनी तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवलं आणि पहिली बुडी मारायला घाबरणाऱ्याला ते स्वतः हात धरून पाण्यात न्यायचे, म्हणून हे नाव. दुसरं विमान माझ्या धाकट्या दिराचं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि रविवारी दुकान बंद असल्यावर तो मागच्या खोलीतून, डोळे तपासायच्या तक्त्याखाली बसून उडतो. तिसरा नवरा, चौथी मी. आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. मी नेहमी सगळ्यांत मागे आणि गप्प. कोड्याचं उत्तर ज्याला माहीत आहे त्यानं तोंड मिटून बसावं.

रविवारी सकाळी दहाला उड्डाण, बारापर्यंत परत, मग काकांकडे चहा. इतकं साधं सुख होतं, की त्याला सुख म्हणायचंही आम्हाला कधी सुचलं नाही.

२

पहिल्यांदा ते पुलाच्या मिशनमध्ये झालं.

पूल पाडून आम्ही परतत होतो. नवऱ्यानं हेडफोनमध्ये विचारलं, माझ्या उजवीकडे कोण आहे? मी म्हटलं, मी डावीकडे आहे. काका आणि दीर तर पुढे दिसतच होते. नवरा म्हणाला, मग उजवीकडे अजून एक आहे, आपल्याच रंगाचं. दीर हसून म्हणाला, "एकाची दोन दिसायला लागली म्हणजे नंबर वाढला. सोमवारी ये दुकानात."

मी मान वळवून पाहिलं. आमच्यासारखंच विमान, नीट अंतर राखून, हलकं डोलत चाललं होतं. धावपट्टी दिसायला लागली तसं ते बाजूला झालं आणि टेकडीआड गेलं.

असं होतं कधीकधी. मिशनची फाइल म्हणजे शेवटी एक यादी असते, कुठलं विमान, कुठून, किती वाजता. जुन्या यादीतली एखादी ओळ चुकून नव्यात राहते. चहा झाल्यावर मी वर येऊन फाइल उघडली. आमची विमानं चार, शत्रूची सहा, पूल एक. पाचवं नव्हतं. हा खेळ आमच्याच जुन्या कॉम्प्युटरवरून चालतो आणि त्यात कोण आलं-गेलं त्याची नोंद राहते. नोंदीतही चारच.

प्रत्येक उड्डाणाचं रेकॉर्डिंग आपोआप साठतं आणि नंतर ते कुठल्याही विमानाच्या बाजूनं बघता येतं. मी ते लावलं आणि पाचव्याच्या मागे लागले. आम्ही चौघं डोंगराच्या कडेवरून पुलावर गेलो होतो. ते मात्र खालून, नदीच्या वळणावळणानं आलं होतं. पाणचक्कीच्या जरा अलीकडे ते डावीकडे कललं आणि चिमणीच्या धुराच्या आडोशानं पुढे सरकलं.

मी खुर्चीत जरा सरळ बसले.

नदीची वाट ही माझी पहिली वाट होती. बुधवारी मी आधी तीच काढली होती, पाणचक्कीच्या अलीकडचं ते वळणही, धुराचा आडोसा मिळावा म्हणूनच. मग वाटलं, फार सोपं होतंय. खोडरबरानं पुसलं आणि डोंगराची वाट काढली. फाइलमध्ये नदीची वाट कधी गेलीच नव्हती. ती फक्त कागदावर होती, तीही पाच मिनिटं.

३

नवऱ्याला मी अर्धंच सांगितलं, की फाइलमध्ये नसलेलं विमान उडतंय. तो भाजी चिरत होता. त्याला काही विशेष वाटलं नाही. म्हणाला, लिफ्टचंही असं होतं. कुणी बटण दाबलेलं नसतं आणि ती आपली पाचव्या मजल्यावर जाऊन दार उघडून उभी राहते. आत कुणी नसतं. अशा तीस तक्रारी त्यानं आजवर बघितल्या होत्या आणि त्यातल्या अठ्ठावीस वायरिंगच्या निघाल्या.

"आणि उरलेल्या दोन?"

"त्या दोन्ही वेळी मी जिन्यानं उतरलो," तो म्हणाला आणि पुढचा कांदा घेतला.

पुढच्या रविवारी ते परत आलं. त्याच्या पुढच्याही. आमच्या अंगावर ते कधी आलं नाही. उलट नवऱ्याच्या शेपटीला लागलेलं शत्रूचं विमान त्यानं दोनदा पाडलं. रेडिओवर हाक मारली तर उत्तर नसायचं. हळूहळू सगळ्यांना त्याची सवय झाली. दिराची खात्री, की बाहेरचा कुणी हौशी माणूस भोक पाडून आत शिरलाय आणि लाजाळू आहे. काका म्हणायचे, येऊ दे, हात चांगला आहे त्याचा.

त्या हाताची ओळख फक्त मला होती. दर रविवारी ते तेच उडायचं जे मी बुधवारी खोडलेलं असायचं. ज्या दरीत दबा धरायचा बेत मी रद्द केला, त्या दरीत ते दबा धरून बसायचं. मी जो रेल्वेचा फाटा नको म्हटला, त्या फाट्यावरून ते दोनदा घिरट्या घालून यायचं.

माझी बुद्धी काही अगदीच गहाण पडलेली नाही. मी स्वतःला समजावलं, की सहा वर्षं तूच वाटा काढतेयस, तुझ्या सवयी ठरलेल्या आहेत, चांगला खेळणारा कुणी असेल तर त्याला दुसरी वाट कोणती असणार हे कळतंच. पटण्यासारखं होतं. पण पटण्यासारखं आहे आणि पटलंय यात एका खोडरबराचं अंतर असतं.

म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. एका बुधवारी मिशनशी काडीचा संबंध नसलेली एक रेघ काढली. नकाशाच्या पार वायव्य कोपऱ्यात एक तळं आहे, तिथे कुणी जात नाही. तळ्याभोवती तीन फेऱ्या, तिसरी सगळ्यांत लहान, आणि मग सरळ वर. कागदाचे चार तुकडे केले आणि कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात टाकून दिले. कुणाला म्हणजे कुणालाही बोलले नाही.

रविवारी पाचवं आलंच नाही. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखंही. दुपारी सहज रेकॉर्डिंग लावलं आणि नकाशाच्या त्या कोपऱ्यात गेले. तळ्याचं पाणी चकाकत होतं. त्यावर एक विमान फेऱ्या मारत होतं. एक. दोन. तिसरी फेरी इतकी लहान, की पंखाचं टोक पाण्याला लागेल असं वाटलं. मग ते सरळ वर गेलं आणि दिसेनासं झालं.

४

आता मी घाबरले असं सांगायला हवं. शेजारच्या खोलीत नवरा दुपारची झोप काढत होता, खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं, आणि मी त्या रिकाम्या तळ्याकडे बघत बसले होते. भीती होती. पण तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते मला कबूल करायला दोन दिवस लागले.

मला बरं वाटलं होतं.

एका कोटामागे पाच-सहा साचे वाया जातात. कुठे खांदा उतरतो, कुठे बाही ओढली जाते. शेवटचा साचा तेवढा पुढे जातो आणि बाकीचे गुंडाळी होऊन पोत्यात जातात. त्यातले काही चांगले असतात. कधीकधी शेवटच्यापेक्षाही चांगले. ते अंगात घालून कुणी कधीच फिरत नाही. मिशनचंही तसंच होतं. हे तिघं माझी वाट उडत होते आणि संध्याकाळपर्यंत विसरत होते. त्यात त्यांची चूक नाही, खेळ असाच असतो. पण टाकून दिलेलंसुद्धा कुणीतरी इतक्या मन लावून उडतंय, ही गोष्ट मला आतून गुदगुल्या करून गेली. नवरा म्हणालाही, की हल्ली तू काम करताना गुणगुणतेस.

मग मी लबाडी करायला लागले. खोडण्यासाठीच काढायला लागले. तिघांसाठी एक वाट आणि त्याच्यासाठी एक, जरा जास्त सुंदर. नवऱ्याला हे सांगितलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माणसाला असं काहीतरी लपवायला मिळालं, तर तेही सोडवत नाही.

५

त्याच सुमाराला एका रविवारी चहा घेताना काकांनी सांगितलं, की महिनाअखेर ते लेकीकडे राहायला जाणार. जिना चढताना आता दम लागत होता आणि लेक दोन वर्षं मागे लागली होती. आम्ही म्हटलं, छानच झालं, तिथूनही उडता येईल की. काकांनी मान हलवली. म्हणाले, दुसऱ्याच्या घरी जाऊन हे चाळे नकोत. तिथे मी आजोबा म्हणून जाणार. उडायचं सगळं सामान ते दिराला देऊन टाकणार होते.

दिरानं उगाच चष्मा पुसला. आमची चौकडी मोडणार होती आणि काका हसतमुखानं ते सांगत होते, म्हणून आम्हालाही हसावं लागलं.

त्यांच्या शेवटच्या रविवारचं मिशन मी जिवाला लावून घेतलं. तीन दिवस काही सुचेना. गुरुवारी कारखान्यातून सुटून बसची वाट बघत उभी होते आणि अचानक सगळं डोळ्यांसमोर आलं. परतीच्या वाटेवर शत्रूची विमानं मागे लागतात. दरीच्या तोंडाशी पुढचं विमान एकटंच मागे वळतं. तिघांना म्हणतं, तुम्ही व्हा पुढे. दरीत पांढरे ढग उतरलेले असतात. ते विमान ढगात शिरतं. तिघं घरी पोहोचतात.

इतकं नेटकं, इतकं पूर्ण, की अंगावर काटा आला. आणि लगेच स्वतःचाच राग आला. सत्तरी ओलांडलेला माणूस घर सोडून निघालाय आणि मी त्याला ढगात पाठवतेय. असलं अभद्र मनात तरी कसं आलं? मी मान झटकली. बस आली, मी चढले. ती वाट मी कागदावर काढली नाही. पेन्सिलही टेकवली नाही.

त्याऐवजी एक साधं मिशन केलं. मालवाहू जहाजांना सोबत करायची, थोडी चकमक, आणि परत. आकाश निरभ्र ठेवलं, एकही ढग नाही. काकांना उतरताना सगळं स्वच्छ दिसावं म्हणून.

६

रविवारी काकांनी नेहमीपेक्षा जास्त विनोद केले. चकमक चांगली झाली. नवऱ्यानं दोन पाडली आणि ती कशी पाडली ते लगेच सांगायला घेतलं. पाचवं आलं नव्हतं. सगळे मान वळवून वळवून बघत होते, हे मला विमानांच्या डुलण्यावरून कळत होतं.

काकांचा माइक सतत चालू असायचा आणि त्यातून त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा. जुना पंखा, दर फेरीला एकदा टक् करायचा. सहा वर्षं आमच्या रविवारांना त्या टकटकीचा ताल होता.

परतीच्या वाटेवर डोंगरांची रांग ओलांडली आणि डावीकडे दरीचं तोंड दिसलं. तिथे पाचवं होतं. हळूहळू, एकाच जागी वळत होतं. त्याच्या मागे दरीत पांढरं काहीतरी साचलेलं होतं.

दीर म्हणाला, "वहिनी, ढग टाकलेस का?"

मी एकही टाकला नव्हता.

काकांचा आवाज आला. शांत होता. "तो कुणासाठी तरी थांबलाय."

"काका, धावपट्टीकडे वळा," मी म्हटलं. मिशन चालू असताना मी कधी सूचना देत नाही. पाठीमागे नवऱ्याची खुर्ची करकरत माझ्याकडे वळली.

"जरा बघून येतो, मुली. तुम्ही व्हा पुढे."

त्यांचं विमान डावीकडे कललं. पाचव्यानं त्यांना पुढे जाऊ दिलं, मग बरोबरीनं आलं, आणि दोघं पांढऱ्यात शिरले. मी हाका मारल्या. पलीकडून पंख्याची टकटक येत राहिली. एक, दोन, तीन. मग ती थांबली. तिच्या जागी वारा ऐकू यायला लागला. खेळातला वारा मला पाठ आहे, दर अकरा सेकंदांनी तो तोच तो वाजतो. हा तसा नव्हता. हा मोठ्या मोकळ्या जागेतला वारा होता. त्यात कुणीतरी संथ श्वास घेत होतं. एकजण नव्हे, दोघंजण.

मी हेडफोन काढून फेकला आणि दाराकडे धावले.

७

रविवारी काका दार नुसतं लोटून ठेवायचे, आम्ही चहाला येणार म्हणून. मी ढकललं. खोलीत खोकी भरून ठेवलेली होती, पडदे काढलेले होते आणि खिडकीतून लख्ख ऊन जमिनीवर पसरलं होतं. पंखा फिरत होता. टक्. टक्. तो थांबलेलाच नव्हता.

काका खुर्चीत बसले होते. पाठ माझ्याकडे, कानांवर हेडफोन, हात जॉयस्टिकवर. मी हाक मारली तर त्यांनी मान हलवली नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. सदरा गार होता. नुसता गार नव्हे, ओलसर, धुक्यात रात्रभर वाळत घातल्यासारखा. भुवयांवर बारीक थेंब होते. डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर असं समाधान, की त्यांना हलवायचा मला धीर होईना.

पडदाभर पांढरं होतं. मग डाव्या कडेला ते पांढरं गडद झालं आणि त्यातून एक विमान सरकत जवळ आलं. इतकं जवळ मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काचेच्या आत उडवणारं माणूस होतं, टोपी आणि खांदे तेवढे दिसत होते.

या खेळात दुसऱ्या विमानातली माणसं मान वळवतात. जवळ कुठलं विमान असेल तर त्याच्याकडे बघतात, तसं करून ठेवलेलंच आहे. त्यानं मान वळवली. काकांच्या विमानाकडे नाही. त्याहून जरा वर, जरा मागे. काकांच्या खुर्चीमागे जिथे मी उभी होते, तिथे.

चेहरा पांढऱ्यात होता. तो पाहिला असं मी म्हणणार नाही.

काय करावं कळत नव्हतं. वायर ओढावी तर काका कुठे राहतील, हा विचार आला. तो विचार वेडेपणाचा आहे हेही कळत होतं, तरी हात पुढे जाईना. शेवटी मी वाकले आणि काकांच्या हेडफोनच्या माइकपाशी तोंड नेलं.

"ही वाट मी नको म्हटली होती," मी म्हणाले. "काढलीसुद्धा नव्हती. मनात आली, तेवढीच. यांना सोड."

काचेमागची ती मान तशीच राहिली. पंखा किती वेळा टकटकला मी मोजलं नाही. मग ती हळूच पुढे वळली, एक पंख उचलला गेला, आणि ते विमान आमच्यापासून दूर होत पांढऱ्यात विरून गेलं. पांढरं पातळ झालं. खाली हिरवं दिसलं, मग करडी धावपट्टी.

काकांनी दीर्घ श्वास सोडला आणि चाकं खाली घेतली. नेहमीसारखे अलगद उतरले. हेडफोन काढून मागे वळले तर मी. त्यांनी विचारलं, तू कधी आलीस आणि एवढी धापा का टाकतेयस?

८

नवरा आणि दीर, एक जिन्यानं आणि एक फोनवर, दोघंही पाच मिनिटांत हजर झाले. काकांचा आवाज मधेच तुटला, एवढंच त्यांना माहीत होतं. मी सांगितलं, काकांना घेरी आल्यासारखं वाटलं. नवऱ्यानं पाणी दिलं, सदरा बदलायला लावला. काका हसत होते, उगाच माझ्याभोवती गोळा झालात म्हणत होते. खरंच ठणठणीत दिसत होते, उलट वर्षभरात नव्हता इतका चेहरा टवटवीत होता.

नवरा चहा टाकायला आत गेला तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, कोण होतं तिकडे?

त्यांनी बोटं उघडून मिटून पाहिली. मग म्हणाले, "वाईट काही नव्हतं. पोरांना पहिल्यांदा खोल पाण्यात न्यायचो ना मी, तसं कुणीतरी नेत होतं. येता का, असं विचारलं. मी म्हटलं, येतो."

"आणि मग?"

"मग तुझा आवाज आला, यांना सोड म्हणून."

मी म्हटलं, हो, मी मागेच उभी होते, माइकमध्ये बोलले.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, नीट आठवल्यासारखं केलं. "ते झालंच," ते म्हणाले. "पण येता का, हेही तूच विचारलंस की."

नवरा चहा घेऊन आला. आम्ही दोघांनी कप घेतले. चहा छान झाला होता आणि मी तसं म्हटलंसुद्धा.

९

काका लेकीकडे गेले, पण सामान त्यांनी दिराला दिलं नाही. खोकी बांधताना एका खोक्यावर स्वतःच्या हातानं ‘विमान, जपून’ असं लिहिलं. आता ते तिकडून उडतात. नातवंडं त्यांना आजोबा न म्हणता कॅप्टन म्हणतात, असं मोठ्या अभिमानानं सांगतात. रविवारची चौकडी मोडली नाही. चहा तेवढा प्रत्येकजण आपापल्या घरी घेतो.

त्या रविवारचं रेकॉर्डिंग मी एकदाच पाहिलं. काका ढगात होते ती वेळ मला तीन-चार मिनिटांची वाटली होती. रेकॉर्डिंगमध्ये ती बेचाळीस मिनिटं भरली. नवऱ्याला दाखवलं. त्यानं घड्याळाचा काहीतरी घोळ असेल म्हटलं, मग, ते पुसून टाक म्हटलं. मी पुसलं नाही. पुसण्याबद्दल माझं मत आता बदललंय.

बुधवारी मी अजूनही वाटा काढते आणि त्यातल्या बऱ्याच नाकारते. त्याशिवाय चांगली वाट मिळत नाही. फरक एवढाच, की नाकारलेली वाट आता मी अर्धी सोडत नाही. कागदावरची असो की बसची वाट बघताना नुसती मनात आलेली असो, तिच्या शेवटी एक धावपट्टी काढते. लहानशी, दोन्ही बाजूंना गवत, वारा कुठून येतो ते दाखवणारं एक निशाण. मगच खोडते. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की मी त्याला वाटेवर घालत होते, पण उतरायला जागा कधीच देत नव्हते.

गेल्या रविवारी दुपारी नवरा गादीवर पालथा पडून घोरत होता आणि मी रेकॉर्डिंग लावलं. पाचवं सकाळभर माझी टाकून दिलेली वाट उडलं, एका जुन्या कालव्यावरून, विटांच्या भट्ट्यांमागून. शेवटी गवतातली ती धावपट्टी आली. ते खाली आलं, दोनदा उसळलं आणि थांबलं. पंखा गरगरत मंद झाला आणि बंद पडला. मी त्याला थांबलेलं पहिल्यांदाच बघत होते. मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

या खेळात उतरल्यावर विमानातून कुणी बाहेर येत नाही. तशी सोयच नाही. पण काच मागे सरकली. एक पाय पंखावर आला, मग दुसरा. माझ्याकडे पाठ करून कुणीतरी गवतात उतरलं, कंबरेवर हात ठेवून पाठ ताणली, दिवसभर टेबलावर वाकून काम केलेलं माणूस ताणतं तशी, आणि वळायला लागलं.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. ओळख पटली असती, तर बुधवारी मला हातात पेन्सिल धरवली नसती. आणि बुधवार मला हवा होता.